फ्री विलवरचा ऑनलाइन कोर्स कसा आहे
माणसाला खरंच फ्री विल, म्हणजे स्वतःच्या इच्छेने निर्णय घ्यायचं स्वातंत्र्य, असतं का यावरचा हा कोर्स मला मनापासून आवडला, त्यातही मेंदूचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन लिबेटच्या १९८३ च्या प्रयोगाचा भाग, म्हणजे हात हलवायचा निर्णय आपल्याला जाणवायच्या साधारण ३५० मिलिसेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसते, हे ग्राफ दाखवून इतकं नीट समजावलंय ना! आणि लगेच फ्री विल संपलं असं न म्हणता २०१२ चं शुर्गर या मेंदू-संशोधकाचं उत्तरही दिलंय, की मेंदूतली ती हालचाल म्हणजे निर्णय नसून तिथे आपोआप होणारा नुसता चढउतारही असू शकतो. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम मात्र फारच घाईत उरकलाय. कार्यकारणाच्या साखळीत राहूनही माणूस स्वतंत्र असू शकतो हा त्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याला अजून वेळ हवा होता. शिक्षा आणि जबाबदारीवरचं लेक्चर चुकवू नका.