मोरचूद, १ किलोचं पाकीट: माल चोख, लेबल अर्धवट

कोकणात सुपारीच्या कोळेरोगासाठी (फळं कुजवणारा बुरशीचा रोग) बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, करणाऱ्यांच्या कामाचं हे पाकीट, कृषी सेवा केंद्रात मिळतं. खडे वाटाण्याएवढे, गडद निळे, हाताला कोरडे. हिरवट झाक कुठेच नाही. ती दिसली तर हिराकशीची (लोहाच्या सल्फेटची) भेसळ समजावी. असा माल चुन्यात गेला की मिश्रण आकाशी न होता मळकट हिरवं होतं आणि मग तांबूस पडतं.

तक्रार आहे ती लेबलाची. पुढे ठळक ‘मोरचूद’, खाली ‘कॉपर सल्फेट’, आणि कामाचा शब्द ‘पेंटाहायड्रेट’ मागच्या बाजूला बारीक अक्षरात. मोरचूद आलं मयूरतुत्थावरून. अमरकोशात याला शिखिग्रीव, म्हणजे मोराची मान, असंही नाव आहे. ‘कॉपर’चं मूळ सायप्रस बेटाच्या नावात. दोन्ही नावं छानच, पण त्यावरून वजनाचा अंदाज येत नाही. तो येतो ‘पेंटा’वरून. ग्रीकमध्ये पेंटा म्हणजे पाच, इथे पाण्याचे पाच रेणू. त्यामुळे खड्याच्या वजनात ३६ टक्के पाणी, तांबं जेमतेम २५. निळा रंगही या पाण्याचाच. खडा तापवला की पांढरा पडतो. तशी पांढरी निर्जल पावडर कुणी किलोला किलो वापरली, तर तांबं ४० टक्क्यांच्या हिशेबाने जाईल.

१ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना विरवून दुसऱ्या ५० लिटरमध्ये. चुन्याची तयार पावडर असेल तर साधारण १.३ किलो. खडे तळाशी टाकले तर तिथेच दाट पाणी साचून विरघळणं रेंगाळतं, म्हणून फडक्यात बांधून वरच्या थरात लोंबते ठेवावेत. भांडी प्लास्टिकचीच, लोखंडी पिंपात तांबं पत्र्यावर बसतं आणि पत्राही खाल्ला जातो. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलट नाही, आणि ढवळणं थांबवायचं नाही. मग लखलखीत घासलेला खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय, तसंच फवारलं तर कोवळा भाग करपतो. चुन्याचं पाणी थोडं थोडं वाढवत खिळा कोरा निघेपर्यंत तपासावं. मिश्रण गाळून त्याच दिवशी संपवावं. शिळं झालं की साका बसतो आणि झाडाला नीट चिकटत नाही.

माल पाचपैकी साडेचार, लेबल दोन. आतली पिशवी पातळ आहे, उरलेले खडे झाकणाच्या प्लास्टिक डब्यात काढून ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी.