जुन्या मोटरसायकलचं एअर फिल्टर कव्हर स्वतः बनवलं : आठ महिन्यांनंतर

मूळ पत्र्याच्या कव्हरची गंजून चाळण झाली होती आणि तसं दुसरं काही केल्या मिळेना. शेवटी पुठ्ठ्याचा साचा कापला, व्हर्नियरने मापं घेतली आणि स्वतःच डिझाइन करून थ्रीडी प्रिंट काढली. सध्या गाडीवर आहे ते तिसरं कव्हर. आधीची दोन का उतरवावी लागली, ते सविस्तर लिहितो.

पहिलं पीएलएचं होतं. हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात उभी केलेली गाडी, शेजारी तापलेलं इंजिन म्हटल्यावर ते टिकणार कसं? तिसऱ्या आठवड्यात वरची कड बाहेरच्या बाजूला वळली. माझ्या गाडीत फिल्टर कव्हरच्याच दाबाने जागेवर बसतो. दाब सुटला तशी धूळ फिल्टरच्या कडेने आत शिरू लागली; कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट फिरवलं तर बोटाला बारीक माती लागली. ही माती पुढे पिस्टन आणि सिलिंडर घासते. त्याच दिवशी कव्हर काढलं. पुढची दोन्ही एएसए या दुसऱ्या प्लास्टिकची केली. ते १०० अंशांच्या आसपासपर्यंत आकार धरून राहतं आणि उन्हातही लवकर ठिसूळ होत नाही.

त्याच पहिल्या कव्हरमध्ये आणखी एक चूक होती, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हवेसाठी मी २ मिमी रुंद, २० मिमी लांब अशा दहा नाजूक खाचा ठेवल्या होत्या. दिसायला फार सुरेख. पण हिशेब केला तर त्या सगळ्या मिळून ४०० चौरस मिमी, आणि कार्ब्युरेटरचा २६ मिमीचा बोअर (हवा जाण्याचं गोल तोंड) एकटाच ५३० चौरस मिमी! आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल न देता नुसतं चालू असताना, इंजिनला हवा कमी लागते, त्यामुळे उभ्या गाडीवर काहीच कळलं नाही. चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की मात्र गाडी गुदमरायची, आणि स्पार्क प्लग काजळीने काळा निघायचा.

दुसऱ्या कव्हरला खाचा मोठ्या केल्या, एकूण १,४४० चौरस मिमी. आता हवा भरपूर, पण मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. प्लग पांढरट दिसू लागला आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापायला लागलं. मेन जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा टाकून हे जमलं असतं. पण कंपनीने बसवलेला जेट बदलायला माझं मन तयार होईना. मग जुन्या गंजक्या कव्हरची भोकं मोजली. ती ९०० चौरस मिमीच्या जवळपास भरली. तिसऱ्या कव्हरला ३ बाय ३० मिमीच्या दहा खाचा दिल्या. तेव्हापासून प्लग फिकट तपकिरी निघतो, म्हणजे मिश्रण बरोबर आहे, आणि जेट मूळचाच आहे. प्लग पाहायचा तर थ्रॉटल पूर्ण असतानाच इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवा. आयडलिंगवर थोडी चालली तरी रंग बदलतो.

बोल्टच्या भोकांत पितळी बुश (छोट्या नळ्या) आणि रबरी ग्रोमेट (कड्या) घातले आहेत. बुशमुळे बोल्ट आवळला तरी प्लास्टिक चेपत नाही. तळाशी पाणी निघायला ४ मिमीचं भोक आहे. पावसात ते किती उपयोगी पडतं ते प्रत्यक्ष पाहिलं. प्रायमर, पॉलिश पेपर आणि काळा रंग झाल्यावर प्रिंटच्या रेषा दिसत नाहीत.

बोल्ट बसतो त्या खालच्या कानाला मात्र गेल्या महिन्यात केसाएवढी चीर गेली आहे. उभ्या प्रिंटमुळे तिथे थर आडवे आले, आणि कंपनाने ते थरांच्या जोडावरच सुटतात. पुढची प्रिंट आडवी काढणार आहे, कानाच्या मुळाशी ५ मिमीची गोलाई देऊन.