ऑइलमध्ये पाणी: प्रेशर टेस्टर की निळा द्रव?

डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाच्या चहासारखा रंग आला की ऑइलमध्ये पाणी आलंय हे ठरलं. (फेस फक्त फिलर कॅपखाली असेल आणि पावसाळ्यात गाडी दोन-दोन किलोमीटरच फिरत असेल, तर ती बहुधा वाफ, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायची घाई नको.) जुन्या डिझेल इंजिनात प्रश्न उरतो तो पाणी कुठून आलं हा. त्यासाठी दोन टेस्ट आहेत: रेडिएटरच्या तोंडाला लावायचा हातपंपाचा प्रेशर टेस्टर आणि निळ्या द्रवाची गॅस टेस्ट.

गॅस टेस्ट दिसायला छान. रेडिएटरमधली हवा द्रवातून ओढायची. जळलेला गॅस असेल (हेडखालचं गॅस्केट गेलं की तो पाण्यात येतो) तर निळ्याचा पिवळा होतो. पेट्रोलला बऱ्यापैकी भरवशाची. डिझेल आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) कार्बन डायऑक्साइड कमीच सोडतं, त्यामुळे रंग हिरवटवर अडकू शकतो. कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) दोन-तीन इंच खाली घेतलं नाही तर ते नळीत चढून द्रव वाया जातो, ते वेगळंच. एवढं चालवून घेता येईल. पण या टेस्टसाठी इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवावं लागतं, आणि माझं घोडं तिथेच अडतं. कूलंट मिसळलेल्या ऑइलची फिल्म टिकत नाही, बेअरिंगं खरवडतात. गॅस्केट शोधता शोधता क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) काम निघालं तर काय कमावलं? शिवाय ऑइल कूलर (पाण्याने ऑइल थंड करणारा भाग) फुटला असेल किंवा वेट लायनरची (बाहेरून पाण्यात असलेल्या सिलिंडरच्या नळीची) खालची ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, गेली असेल, तर जळलेल्या गॅसचा संबंधच नाही. द्रव निळाच राहणार.

प्रेशर टेस्टर लावायचा तो थंड, बंद इंजिनावर. रेडिएटर काठोकाठ भरा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकंच प्रेशर द्या, बहुतेक 0.9 किंवा 1.1 बार. जास्त दिलंत तर हीटरची जुनी नळी आधी फुटेल. 20 मिनिटांत काटा उतरला आणि बाहेर कुठे थेंब नाही, तर पाणी आतच चाललंय. रात्रभर तसंच ठेवून सकाळी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट हळूच सैल करा: कूलंट जड, तळाशी बसतं, सहसा आधी तेच येतं. चेंबर उतरवून प्रेशर दिलंत तर ओघळ लायनरच्या खालून येतोय की वरून, ते डोळ्यांना दिसतं. कूलरचा संशय असेल तर त्याच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडा आणि परत पंप मारा; आता काटा थांबला तर कूलरच. तशीही त्याची चाहूल आधी रेडिएटरमध्ये लागते. चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त, म्हणून ऑइल तिकडे जातं. पाणी ऑइलमध्ये शिरतं ते गाडी बंद केल्यावर.

टेस्टनंतर लगेच सेल्फ मारू नका. नोझल (डिझेल फवारणारा) किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला तापणारा) काढून इंजिन हाताने फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेडची केसाएवढी चीर कधीकधी गरम झाल्यावरच उघडते, ती मात्र थंड टेस्टला सापडत नाही. सगळं तपासूनही काटा हलला नाही, तर ऑइल आणि फिल्टर बदला आणि मग निळा द्रव काढा, इंजिनाला थोडा लोड देऊन.