पायथनमधून बाहेरचा प्रोग्रॅम चालवताना: सिस्टम, रन की पोपेन?

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाचे जुने छापील कागद गेल्या वर्षी माझ्याकडे आले. अहवाल, हस्तपत्रकं, दुकानांच्या जाहिराती. एकाच पानावर वर कन्नड, खाली मराठी. आपल्या सीमाभागात हे नेहमीचंच. टेसरॅक्टला (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणारा प्रोग्रॅम) दोन्ही भाषा एकदम सांगता येतात, म्हणून पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली: फोल्डरमधली एकेक फाइल घ्यायची, टेसरॅक्टला द्यायची, मजकूर साठवायचा.

टेसरॅक्ट चालवायला पहिल्यांदा मी पायथनचं ओएस.सिस्टम हे फंक्शन वापरलं. एका ओळीत काम होतं, शिकायला काही लागत नाही. पण तुम्ही दिलेली ओळ सरळ शेलकडे, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे जाते, आणि शेल ती आपल्या पद्धतीने वाचतं. स्कॅन करणाऱ्या मुलाने एका फाइलला नाव दिलं होतं ‘किराणा & जनरल.टिफ’. शेलने & पाहिलं, त्याच्या आधीचा भाग वेगळी कमांड समजून पार्श्वभूमीला सोडला आणि ‘जनरल.टिफ’ हा प्रोग्रॅम शोधू लागलं. कंसातल्या ‘(खानापूर)’ने तर थेट सिंटॅक्स एरर. तरीही स्क्रिप्ट थांबली नाही, पुढची फाइल घेऊन चालतच राहिली. संध्याकाळी कोणकोणत्या पानांचा मजकूर आलाच नाही ते हाताने शोधत बसलो. ओएस.सिस्टम चूक आकड्यात परत देतं खरं, पण तो आकडा तुम्हीच तपासायचा. आणि लिनक्सवर प्रोग्रॅमने 1 दिला तर हातात 256 पडतो. नावाभोवती अवतरणचिन्हं लावून भागेल असं वाटतं, पण नावातच अवतरणचिन्ह निघालं की पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सगळं सबप्रोसेस.रनवर आणलं. सबप्रोसेस हे मॉड्यूल 2004 पासून पायथनमध्ये आहे, त्यातलं रन 2015 साली पायथन 3.5 मध्ये आलं. इथे एक लांब ओळ द्यायची नाही, यादी द्यायची: प्रोग्रॅमचं नाव, फाइलचं नाव, पर्याय, सगळं सुटंसुटं. मध्ये शेल नाहीच, त्यामुळे जागा, कंस, & काहीही असलं तरी नाव अख्खं पोचतं. चेक=ट्रू लिहिलं की प्रोग्रॅम फसताच पायथन एरर देतं, आणि माझ्या मते हा पर्याय पहिल्या ओळीपासून लिहावाच. टाइमआउट दिला तर अडकलेल्या पानावर रात्र जात नाही. मात्र शेल=ट्रू लावलंत तर पुन्हा त्याच खड्ड्यात. फाइलची नावं दुसऱ्या कुणी दिलेली असतील तर ते लावूच नका. नावात लपलेली कमांडसुद्धा चालून जाईल.

सबप्रोसेसमधलंच पोपेन कधी घ्यावं? प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्याशी बोलायचं असेल तेव्हा. निपाणीच्या एका फोटोग्राफर मित्राला एफएफएमपेग हा व्हिडिओचा प्रोग्रॅम लग्नाचे व्हिडिओ लहान करत असताना किती झालं ते स्क्रिप्टमध्येच वाचून पडद्यावर दाखवायचं होतं. रन काम संपेपर्यंत थांबतं, तिथे पोपेनच हवं. पण आउटपुट पाइपमध्ये (दोन प्रोग्रॅममधली मजकूर नेणारी नळी) घेऊन ते न वाचता नुसतं वेट केलंत, म्हणजे काम संपायची वाट बघितलीत, तर पाइप भरतो, प्रोग्रॅम तुमची वाट बघतो आणि तुम्ही प्रोग्रॅमची. ओळी येतील तशा वाचत राहा, नाहीतर सगळं आउटपुट शेवटी एकदम देणारं कम्युनिकेट वापरा. निव्वळ मजकूर काढायला एवढा खटाटोप नको.

पायटेसरॅक्ट (टेसरॅक्टसाठीची पायथन लायब्ररी) घ्यावं का, असंही विचारतात. घ्या, पण आतून तेही टेसरॅक्टचा प्रोग्रॅमच चालवतं, तेव्हा टेसरॅक्ट वेगळं इन्स्टॉल करावंच लागतं.

विंडोज वापरणाऱ्यांनी एक नक्की करा. माझ्या लिनक्सवर नीट चाललेली स्क्रिप्ट वाचनालयाच्या संगणकावर मराठीच्या आणि कन्नडच्याही जागी अगम्य चिन्हं देऊ लागली. नुसतं टेक्स्ट=ट्रू (आउटपुट मजकूर म्हणून दे) लिहिलं की विंडोजवर पायथन त्या मशीनचं जुनं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, धरतं. एन्कोडिंग=‘यूटीएफ-8’ लिहिलं आणि दोन्ही लिप्या जशाच्या तशा उमटल्या.