शून्य तास

दुकानदाराने आपणहून लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. म्हणाला, "मॅडम, माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा." स्क्रीनवर हार्ड ड्राइव्हची कुंडली उघडलेली होती. तब्येत 'गुड', पॉवर ऑन अवर्स, म्हणजे ड्राइव्ह चालल्याचे तास, शून्य आणि पॉवर ऑन काउंट, म्हणजे किती वेळा चालू केला ते, तीन. मी लगेच त्या तीनवर बोट ठेवलं. "टेस्टिंगला तीनदा लावला ना," तो म्हणाला. किती सरळ माणूस आहे, असं वाटलं मला! सगळे आकडे शून्य असते तर कदाचित संशय आला असता. त्या तीनने माझं काम केलं.

ठाण्याच्या नौपाड्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं आणि वर्षाकाठी चार-पाच अरंगेत्रम (भरतनाट्यम शिकलेल्या मुलीचा रंगमंचावरचा पहिला कार्यक्रम). दोन कॅमेऱ्यांवर फोरके शूट केलं की हळदीपासून रिसेप्शनपर्यंत पाच-सहाशे जीबी सहज भरतात. हे सगळं सुट्या ड्राइव्हवर राहायचं. कपाटात असे तेवीस ड्राइव्ह होते, प्रत्येकावर चिकटपट्टी: 'कुलकर्णी हळद + मुंज अर्धी'. उरलेली अर्धी मुंज कुठे, ते देवालाच माहीत. म्हणून चार खणांची नॅस घेतली, म्हणजे वायफायच्या राउटरला जोडलेला ड्राइव्हचा डबा. आता त्यात घालायला चार मोठे ड्राइव्ह हवे होते.

अभ्यास मी भरपूर केला होता, हे मुद्दाम सांगते. एसएमआर ड्राइव्ह नॅसमध्ये घालू नयेत हे मला ठाऊक होतं. त्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक कौल बदलायचं तर शेजारची चार हलवावी लागतात, त्यामुळे मोठं लिखाण सुरू झालं की ड्राइव्ह धापा टाकतो. २०२०मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या रेड मालिकेत २ ते ६ टीबीचे काही ड्राइव्ह असे निघाले आणि त्यावरून बराच गदारोळ झाला होता, तोही मी वाचला होता. म्हणून ठरवलं की घ्यायचा तर सीएमआरच (त्यात पट्टे एकमेकांवर न चढवता शेजारी-शेजारी असतात), तोही डेटा सेंटरच्या दर्जाचा. सीगेटचा एक्झॉस, १६ टीबी, ७२०० आरपीएम, वर्षाला ५५० टीबी वाचण्या-लिहिण्याची क्षमता, पाच वर्षांची वॉरंटी. चारही ड्राइव्ह रेडमध्ये (आरएआयडी, वरच्या रेड मालिकेशी संबंध नाही) जोडायचे, म्हणजे एक बंद पडला तरी डेटा शाबूत; त्यासाठी एकाची जागा गेली की ४८ टीबी हातात. (संगणक १६ टीबीच्या ड्राइव्हला साडेचौदा दाखवतो, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ने. हे मी किती नवरदेवांना समजावलं असेल!)

अडचण भावाची होती. पक्क्या बिलावर एक ड्राइव्ह अठ्ठावीस हजारांच्या आसपास पडत होता. फेब्रुवारी २०२५मध्ये आमच्या फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी वाशीतल्या एका दुकानाचा नंबर टाकला. एक्झॉस १६ टीबी, सीलबंद, १९,५०० रुपये. एवढं स्वस्त कसं, असं फोनवर विचारलं तर उत्तर तयार होतं: ऐरोलीच्या एका डेटा सेंटरचं काम अर्ध्यावर थांबलं, माल पेटीतच पडून राहिला, तो लॉट आपण उचलला. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना डेटा सेंटरच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारती मी रोज बघते. गोष्ट पटायला अजून काय लागतं? लेबलवर २०२१ साल का आहे, याचं उत्तरही त्या गोष्टीतच होतं.

दुकान पहिल्या मजल्यावर, एका कॉम्प्लेक्सच्या मागच्या बाजूला. चंदेरी पिशवीत बंद केलेले चार ड्राइव्ह, आत सिलिका जेलच्या पुड्या. चारही त्याने माझ्यासमोर फोडून जोडून दाखवले. शून्य, शून्य, शून्य, शून्य. मग पैशांची वेळ आली. "पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वर." ७८ हजारांवर १४,०४० रुपये. मी हिशेब केला आणि नको म्हणाले. हीच ती जागा. बाकीचं सगळं त्याने केलं, हे मात्र मी केलं. ५० हजार यूपीआयने गेले, तेही भलत्याच नावावर ("मेव्हण्याचा क्यूआर आहे, आमचा खराब झालाय"), आणि २८ हजार रोख. हातात कच्ची चिठ्ठी: 'एचडीडी १६ टी, ४ नग. टेस्टिंग वॉरंटी ७ दिवस. फिजिकल डॅमेज व बर्न नो वॉरंटी.' वर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर.

चार महिने सगळं छान चाललं. तेवीस ड्राइव्हमधला माल नॅसवर चढवला आणि जुन्यांतले बरेचसे पुसून नव्या शूटला वापरायला घेतले. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी स्वतः त्याच ग्रुपवर दोनदा लिहिलं होतं, तरीही.

जूनमध्ये, बाहेर धो धो पाऊस आणि मी एका हळदीचं एडिटिंग करत बसलेली, तेव्हा डबा ओरडायला लागला. तिसऱ्या खणाचा दिवा नारिंगी. घाबरायचं कारण नव्हतं, चारांतला एक गेला तर चालतं, त्यासाठीच तर रेड. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, या वेळी पक्क्या बिलावर, नवा ड्राइव्ह आणून लावला आणि रिबिल्ड सुरू केलं, म्हणजे उरलेल्या तिघांवरून गेलेल्याचा डेटा नव्यावर पुन्हा उभा करणं. १६ टीबीचा ड्राइव्ह सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने सलग भरला तरी बावीस तास लागतात. आमच्या डब्याने चाळीस सांगितले. आणि या चाळीस तासांत उरलेले तिन्ही ड्राइव्ह पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचले जातात. एरवी महिनोन् महिने ज्या भागाला कुणी हात लावत नाही, तोही. दुसऱ्या रात्री ६४ टक्क्यांवर पहिल्या खणातल्या ड्राइव्हने मान टाकली. दोन गेले म्हणजे सगळंच गेलं.

माझा भाचा महापेला नोकरी करतो, सर्व्हरचंच काम आहे त्याचं. तो रात्री अकराला आला, ड्राइव्ह एकेक करून आपल्या मशीनला लावले आणि काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं. मग बराच वेळ गप्प. "मावशी, हे तू नवे घेतले होतेस?"

"शून्य तास होते. मी स्वतः बघितलं."

"इथे एकतीस हजार चारशे बारा लिहिलंय."

मी कॅल्क्युलेटर काढला. ३१,४१२ भागिले २४, म्हणजे १,३०८ दिवस. साडेतीन वर्षांहून जास्त, रात्रंदिवस. दुसऱ्यावर ३०,९६८, तिसऱ्यावर ३१,३७७. चौथा बोलायच्या पलीकडे गेला होता. म्हणजे माझ्या लग्नांच्या ड्राइव्हची आयुष्याची मधली वर्षं माझ्याकडे यायच्या आधीच सरली होती, आणि चौघं एकाच गोठ्यातले, एकाच वयाचे. म्हणूनच एकामागोमाग गेले.

दुकानात मला दाखवला तो स्मार्टचा, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवतो तिचा, आकडा. तो गाडीच्या मीटरसारखा असतो, ज्याला कला येते तो मागे फिरवतो. पण सीगेटचे ड्राइव्ह फार्म नावाची दुसरी नोंदवही वेगळी ठेवतात, तिच्यातही चालू तास असतात. स्मार्टमॉनटूल्स हे फुकट साधन ७.४ आवृत्तीपासून ती वही वाचतं. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर ड्राइव्ह वापरलेला. भाच्याने मग बातम्या काढून दाखवल्या. जानेवारी २०२५मध्ये जर्मनीतल्या तंत्रज्ञानविषयक पत्रकारांनी हेच उघडकीला आणलं होतं. नवे म्हणून विकलेले एक्झॉस ड्राइव्ह, स्मार्टमध्ये शून्य, फार्ममध्ये १५ ते ५० हजार तास. माझ्या खरेदीच्या एक महिना आधी! संशय होता चिया नावाच्या आभासी चलनावर. २०२१मध्ये ते निघालं तेव्हा त्याचं नाणं मिळवायला वेगवान चिप नव्हे, तर भरून ठेवलेली डिस्कची जागा लागायची. लोकांनी ड्राइव्हची शेतंच्या शेतं लावली, जगभर ड्राइव्ह महागले. पुढे भाव पडला आणि शेतं मोडीत निघाली. तो माल कुठेतरी धुऊनपुसून परत बाजारात आला. माझ्या लेबलवरचं २०२१ साल आठवा. माझे नेमके त्याच शेतातले होते, असा पुरावा माझ्याकडे नाही, पण तासांचा हिशेब बसतो. एक सांगून ठेवते, पुढे फार्मचे आकडेही फिरवलेले ड्राइव्ह सापडले. म्हणजे तास जुळले तरी निर्धास्त होऊ नका.

त्या रात्री झोप लागली नाही. नववधूच्या अंगठ्यांचे क्लोजअप घेते ती मॅक्रो लेन्स लावली आणि माझ्या ड्राइव्हशेजारी पक्क्या बिलाचा नवा ड्राइव्ह टेबललॅम्पखाली ठेवला. नव्याच्या स्क्रूच्या भोकांत आटे एकसारखे राखाडी. माझ्या ड्राइव्हच्या भोकांत आट्यांची धार झिजून चमकत होती आणि भोकाभोवती स्क्रूच्या डोक्याने उमटवलेलं बारीक कडं होतं. केबल लागते तिथल्या सोनेरी पट्ट्यांवर सरळ, समांतर ओरखडे, तीन टेस्टिंगचे नव्हेत, कितीतरी वेळा काढल्या-घातल्याचे. लेबल नवं, पण त्याच्या कडेबाहेर जुन्या गोंदाची केसाएवढी रेघ राहून गेली होती. हे सगळं फेब्रुवारीतही तिथेच होतं. मी मात्र स्क्रीनकडे बघत होते.

सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकायला पाच मिनिटंही लागत नाहीत. तेही मी जूनमध्ये केलं. उत्तर आलं की हा ड्राइव्ह मोठ्या यंत्रणेचा भाग म्हणून पुरवलेला आहे, वॉरंटीसाठी त्या विक्रेत्याकडे जा. पाच वर्षांची वॉरंटी माझ्यासाठी कधी नव्हतीच. हे दुकानात उभं राहून, पैसे द्यायच्या आधी करा. घरी आणल्यावर सात दिवसांच्या आत एकदा पूर्ण लांबीची स्वचाचणी लावा. १६ टीबीला एक दिवसाहून जास्त लागतो, लागू दे. आणि चारही ड्राइव्ह एकाच लॉटचे घेऊ नका, दोन इथून, दोन तिथून.

डेटा काढून देणाऱ्याने दोन ड्राइव्हचे दीड लाख सांगितले, हमी काही नाही. हे ड्राइव्ह हवेऐवजी हीलियम भरून बंद केलेले असतात, साध्या दुकानात उघडायची सोयच नाही. नको म्हटलं. बहुतेक लग्नांच्या फिल्म देऊन झाल्या होत्या, काही जुन्या ड्राइव्हवर नशिबाने अजून पुसायच्या राहिल्या होत्या. गेलं ते मे महिन्यात घाणेकर नाट्यगृहात झालेलं एक अरंगेत्रम, सगळंच्या सगळं. मुलीच्या आईला मी स्वतः फोन केला. त्या जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "फोटो तरी आहेत ना?" फोटो कार्डावर होते. घेतलेले पैसे परत केले, पण त्या फोनवरची ती शांतता अजून कानात आहे.

दुकानदार म्हणाला, "सात दिवस संपले, मॅडम." मॅक्रोचे फोटो दाखवले तर म्हणाला, "आम्ही लॉट घेतो, लॉट विकतो." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण समोरच्याचा जीएसटी नंबर विचारला की माझ्याकडे ती चिठ्ठी. पोलिसांनी अर्ज घेतला. (फसवणुकीचं जुनं कलम ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८मध्ये आहे, ही भर माझ्या ज्ञानात पडली.) वकील ओळखीचे होते. त्यांनी सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. समोरचा 'हा धंद्यासाठीचा माल, तुम्ही ग्राहकच नाही' असं म्हणणार, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्यात त्यातून वगळली आहे. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं 'सीलबंद, नवे' हे त्याचेच शब्द, एवढ्यावर नोटीस गेली.

नोटीस मिळाली आणि फोन आला. चारही ड्राइव्ह परत आणा, ४० हजार घेऊन जा. मी जवळजवळ हो म्हणाले होते. नवरा म्हणाला, "अगं, त्यात लोकांच्या घरचं सगळं आहे." खरंच होतं. चालणारे दोन पुसता आले असते, बंद पडलेले दोन कसे पुसणार? आणि पुसून दिले तरी ते कुठे जाणार, हे मला आता माहीत होतं. आणखी चार महिने, नवी चंदेरी पिशवी, शून्य तास. शेवटी ड्राइव्ह न देता २५ हजारांवर मिटवलं. वकील नाराज झाले.

मागच्या आठवड्यात वागळे इस्टेटमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्याकडे चौघांना घेऊन गेले आणि प्रत्येकाला आरपार दोन भोकं पाडायला सांगितली. त्याने पहिला ड्राइव्ह शिकंज्यात धरला, लेबलवरून अंगठा फिरवला आणि ड्रिल थांबवलं.

"मॅडम, हे तर नवंकोरं दिसतंय. नक्की पाडू ना?"