सारखे तुकडे असलेली नावं शोधायची: डिफलिब की तुकड्यांची डिक्शनरी?

पार्ट्यांची (ग्राहक-पुरवठादारांची) यादी हातात येते तेव्हा त्यात एकच पार्टी दोन-तीन स्पेलिंगनं बसलेली असते. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या कारखान्यांच्या हिशेबाचं काम करणाऱ्याला हे चुकत नाही. पायथनमध्ये यावर दोन सरळ रस्ते आहेत. पायथनसोबतच येणाऱ्या डिफलिब लायब्ररीतल्या सीक्वेन्समॅचर या तुलना करणाऱ्या साधनाला दोन नावं देऊन त्यांच्यातला सगळ्यांत लांब सामाईक तुकडा काढायचा. नाहीतर प्रत्येक नावाचे तीन-तीन कॅरॅक्टरचे तुकडे पाडून डिक्शनरीत टाकायचे, म्हणजे तुकडा ही की आणि तो ज्यांच्यात आहे त्या नावांचा सेट ही व्हॅल्यू. सफिक्स ट्रीचंही (मजकुराच्या सगळ्या शेपट्या साठवणाऱ्या रचनेचं) नाव निघतं, पण एवढ्या कामाला तो कुटाणा कशाला!

डिफलिबला नावं ठेवायला जागा कमी. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि पायथन ३.९ पासून फाइंड लाँगेस्ट मॅचला (लांब तुकडा शोधणाऱ्या फंक्शनला) कुठून कुठपर्यंत शोधायचं त्या चार हद्दीही द्याव्या लागत नाहीत. शंभर-दोनशे नावं असतील तर मी म्हणेन, खुशाल तेच वापरा. यादी वाढली की जोड्या फुगतात, हे उघडच आहे. ४००० नावांच्या ७९ लाख ९८ हजार जोड्या होतात. तेही चाललं असतं. रात्री लावून ठेवायचं, सकाळी बघायचं.

मला नडली ती महालक्ष्मी. कोल्हापुरात दुकान काढलं की पाटीवर महालक्ष्मी, अंबिका नाहीतर जोतिबा येणारच. ‘महालक्ष्मी ट्रेडर्स’ आणि ‘महालक्ष्मी स्टील’ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो, पण सामाईक तुकडा पुढच्या स्पेससकट ११ कॅरॅक्टरचा निघतो (पायथन काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजतं). उलट ‘चौगुले फाउंड्री’ आणि ‘चौगले फौंड्री’ (नाव उदाहरणापुरतं) बघा. माणूस एका नजरेत ओळखेल, पण इथं सगळ्यांत लांब तुकडा ‘ंड्री’ येतो, फक्त ५ कॅरॅक्टरचा. तोही फाउंड्रीतला, म्हणजे निम्म्या शिरोलीत सापडणारा! आता मर्यादा कुठं ठेवणार? ११ वर ठेवली तर चौगुले सुटतात, ५ वर आणली तर सगळं गाव आत येतं.

कुणी म्हणेल, नेहमीचे शब्द आधी काढून टाका. तेही करून बघितलं. महालक्ष्मी काढली की जोतिबा राहतो, जोतिबा काढला की ‘इंजिनिअरिंग’ची तऱ्हेतऱ्हेची स्पेलिंगं पुढं येतात. ती यादी काही संपत नाही.

डिक्शनरीत हा ताप आपोआप कमी होतो, कारण कुठला तुकडा किती नावांत आहे ते समोरच दिसतं. ‘ंड्’खाली ही गर्दी, ती की सरळ उडवायची. ‘चौग’खाली मोजकी नावं, ती ठेवायची. यादीतल्या पाच टक्क्यांहून जास्त नावांत असलेला तुकडा मी सोडून देतो. हा आकडा माझ्या अंदाजाचा, तुमच्या यादीला दुसरा लागू पडेल. एका वेळी एका जोडीपुरतं बघणाऱ्या डिफलिबला ही गर्दी कळायला वावच नाही.

डिक्शनरीलाही खोडी आहेत. मेमरी जास्त खाते. एखादा तुकडा जुळला म्हणून नाव जुळलं असं नसतं. दुर्मिळ तुकडे किती जुळले ते मोजावं लागतं. आणि देवनागरीत तीन कॅरॅक्टर म्हणजे तीन अक्षरं नव्हेत: ‘महालक्ष्मी’ आपल्याला चार अक्षरी वाटते, पायथनला दहा. तरी लांबी चार करायच्या भानगडीत मी पडत नाही, कारण मग ‘चौगु’ आणि ‘चौगल’ वेगळे पडतात आणि नावातला दुवाच जातो. यादी आधी युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकच अक्षर नेहमी एकाच तऱ्हेनं साठवलेलं) आणून घ्यावी, दोन्ही पद्धतींसाठी. नाहीतर ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

इंग्रजी लिपीतली, छोटी, नीटनेटकी यादी असेल तर डिफलिबवर भागेलही. मी मात्र आता डिक्शनरीतून आलेल्या मोजक्या जोड्याच त्याच्याकडे पाठवतो, नेमकं काय जुळलं ते दाखवायला.