१८ मीटरची गॅरंटी देणाऱ्याला पैसे देऊ नका – आमचा स्कूबाचा अनुभव

बडोद्यातून जे कोणी सुट्टीत मुलांना घेऊन स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून समुद्राखाली, जायचा विचार करतायत त्यांच्यासाठी लिहितोय. जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा.

एप्रिलमध्ये आम्ही पाच जण सिंधुदुर्गात गेलो होतो, मी, बायको, ताई, भाऊजी आणि माझा १३ वर्षांचा भाचा. बुकिंग दांडिया बाजारातल्या एका एजंटकडे केलं, आपलाच मराठी माणूस, गणपतीच्या मंडळात ओळख झालेली, म्हणून फार चौकशी केलीच नाही. त्याने मोबाइलवर कासवाशेजारी पोहणाऱ्या माणसाचा फोटो दाखवला, इन्स्ट्रक्टरचं कार्ड दाखवलं, म्हणाला "डीप सी आहे, १८ मीटरची गॅरंटी, इन्शुरन्स त्यातच आला." माणशी साडेसहा हजार, सगळे आधीच यूपीआयने घेतले.

ते १८ मीटर ऐकूनच मी उठायला हवं होतं. कोर्स न केलेल्या माणसाला ट्रायल डाइव्हमध्ये जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंतच नेतात, १८ मीटर ही कोर्स करून कार्ड मिळवलेल्यांची मर्यादा आहे, हे मला घरी परत आल्यावर कळलं. म्हणजे तो जे विकत होता ते आम्हाला विकायलाच नको होतं. दुसरं म्हणजे दुपारी डाइव्ह आणि त्याच संध्याकाळी गोव्याहून फ्लाइट असं त्याने बसवलं होतं. एका साध्या डाइव्हनंतरही किमान १२ तास विमानात बसायचं नसतं, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. ज्याला हे माहीत नाही तो समुद्राची पॅकेजं विकतोय.

बोटीवर दोन पानी इंग्रजी फॉर्म गुडघ्यावर ठेवून सह्या घेतल्या, "फॉर्मॅलिटी आहे, पटापट करा." भाऊजी बीपीच्या गोळ्या घेतात, कुणी विचारलं नाही. भाच्याला ट्रेनच्या एसीमुळे आदल्या रात्रीपासून सर्दी होती, ताईने स्वतःहून सांगितलं की अहो त्याचं नाक चोंदलंय, तर उत्तर काय, "खाऱ्या पाण्याने मोकळं होईल."

सर्दीत पाण्याखाली जाणं का वाईट ते सांगतो. वर हवेचा जेवढा दाब असतो तो १० मीटरवर दुप्पट होतो, आणि कानाला सगळ्यात जास्त त्रास पहिल्या काही मीटरमध्येच होतो. नाक दाबून हळूच हवा ढकलून कान मोकळे करत करत खाली जायचं असतं, पण नाकामागची नळी सुजलेली असेल तर हवा कानापर्यंत पोचतच नाही आणि पडदा आत ओढला जातो. हे कुणी शिकवलं नाही. वर येताना श्वास रोखायचा नाही, नाहीतर फुप्फुसातली हवा फुगून ती फाटू शकतात, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम, तोही सांगितला नाही.

पाण्याखाली नेणारा चौघांमागे एकच माणूस. भाच्याच्या सिलिंडरचा काटा मी बघितला, ७० च्या आसपास होता, भरलेला साधारण २०० दाखवतो. आधीच्या बॅचचा तसाच लावला होता. मी विचारलं तर म्हणे पुरतो हो. आणि मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून जात नाही मनातून.

पोरगा चार-पाच मीटरवरूनच हात हलवत वर आला. मास्क काढला तर कानातून रक्त ओघळत होतं, पाण्यात मिसळून पातळ झालेलं, मानेपर्यंत. "मामा, या कानाने ऐकूच येत नाहीये." डॉक्टर म्हणाले पडद्याला भोक पडलंय. फ्लाइट सोडली, ट्रेनने आलो.

मग पुढचा खेळ. एजंट म्हणतो बोटवाल्याला विचारा, बोटवाला म्हणतो पैसे एजंटने घेतले, आणि दोघंही म्हणतात तुम्ही सही केलीय. इन्शुरन्सचा पॉलिसी नंबर मागितला तर नव्हताच. कार्डावरचा नंबर ट्रेनिंग संस्थेच्या वेबसाइटवर टाकला तर भलत्याच माणसाचं नाव निघालं.

सहीवरून आठवलं, जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला ३,८०० मीटर खाली निघालेली टायटन पाणबुडी फुटून पाच जण गेले, त्यात १९ वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर होता. त्या ट्रिपच्या फॉर्मवरही मृत्यूचा उल्लेख होता, पण पाणबुडी कुठल्याही वर्गीकरण संस्थेने (जहाजं सुरक्षित आहेत का ते तपासणाऱ्या संस्थेने) तपासलेली नव्हती, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने हा अपघात टाळता आला असता असंच म्हटलं. गिऱ्हाइकाने सही केली म्हणून नेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. आणि आपल्याला इतक्या लांब कशाला जायला हवं, १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच बडोद्यातल्या हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. लाइफ जॅकेटबद्दल नंतर सगळे बोलले, मीही बोललो होतो.

म्हणून पैसे द्यायच्या आधी इन्स्ट्रक्टरचा नंबर मागा आणि स्वतः तपासा, पॉलिसी नंबर लेखी घ्या, एका माणसामागे किती जण ते विचारा, फॉर्म घरी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून वाचा. आजाराबद्दल एकही प्रश्न विचारत नसतील तर तिथूनच परत फिरा, पैसे गेले तरी चालतील. फसलाच असाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, मी केलीय, पावत्या आणि चॅट जपून ठेवलेत, आता ग्राहक आयोगात जातोय.

भाच्याचं स्विमिंग अजून बंद आहे. काल एजंटचं स्टेटस पाहिलं, दिवाळीचं बुकिंग सुरू, फोटो तोच कासवाचा. म्हणून आज बसून हे लिहिलं.